तक्रारी मोजणारे साहेब

आमची गाडी रिव्हर्समध्ये अडकली ती वॉरंटी संपल्याच्या पुढच्याच आठवड्यात. वॉरंटी एका वर्षाची होती, आणि गाडीनं ते वर्ष दात आवळून काढलं असावं. एका सकाळी पहिला गिअर पडेना, दुसरा पडेना. आमचे हे दांडी हलवत बसले, तर ती आपसूक रिव्हर्समध्ये जाऊन बसली. बसली ती बसलीच. पुढे जाण्याचं नाव नाही.

आमचे हे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. जन्मात कधी कशाबद्दल तक्रार केली नाही त्यांनी. आमच्या लग्नात दिवसभर त्यांच्या बुटात खडा होता. दिवसभर हसत उभे होते. संध्याकाळी बूट काढून मला खडा दाखवला, तोसुद्धा "बघ, किती गुळगुळीत आहे," असं म्हणून. अशा माणसाशी संसार करणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. त्यांनी येऊन करून बघावा.

तर त्या सकाळी त्यांनी डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली आणि गाडी घेऊन निघाले. रिव्हर्समध्येच. मी दारात उभी राहून ओरडत होते आणि गाडीचं तोंड माझ्याकडे बघत बघत लांब चाललं होतं. दुपारी परत आले तेव्हा म्हणाले, "भागतंय की."

आणि भागलं. हेच तर आमचं दुखणं आहे, आमचं सगळं भागतं. मागच्या काचेचा वायपर आता मुख्य वायपर झाला. डिकीवर त्यांनी एक टॉर्च बांधला. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसायची भारी हौस, ते मुकाट्यानं मागच्या सीटवर गेले, कारण आता रस्ता तिथून दिसायचा. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानं पहिल्या दिवशी शिट्टी मारली, दुसऱ्या दिवशी नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवसापासून डिकीला सलाम ठोकायला लागला. शिकायला येणारी मंडळीही कुरकुरली नाहीत. लायसन्सच्या परीक्षेत सगळे नेमके रिव्हर्सला नापास होतात. आमचे विद्यार्थी रिव्हर्समध्ये असे पटाईत झाले की परीक्षक म्हणाले, सरळ जाणं काय, येईल हळूहळू.

सगळं भागलं, पण मान भागेना. सकाळ-संध्याकाळ मागे वळून वळून त्यांची मान डावीकडे गेली आणि तिथेच राहिली. आधी झोपताना, मग जेवताना, मग कायमची. डॉक्टर म्हणाले, गाडी अशीच चालवत राहिलात तर काही महिन्यांनी ही मान सरळ करणं माझ्या हातात राहणार नाही. हे म्हणाले, "डावीकडे खिडकी आहे, बरं असतं." जेवणाच्या टेबलावर मी आयुष्यभर त्यांच्या समोर बसले. आता समोर बसून मला त्यांचा कान दिसायचा. मी सासऱ्यांना उठवून त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. निदान जेवताना तरी माणूस माझ्याकडे बघेल. सासरे त्यावर आठवडाभर बोलत होते.

मी तोंडाची फटकळ आहे, हे सांगायला नकोच. मी घर डोक्यावर घेतलं, स्वयंपाकघराचं दार आपटलं आणि तरातरा सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या सुपरवायझरला म्हणाले, गिअरबॉक्स बदलून द्या.

"या गाडीचा गिअरबॉक्स बिघडत नाही," तो म्हणाला.

"मग आमचा?"

"तुमचा बिघडलाय. पण तो बिघडत नाही, म्हणून कंपनी तो विकत नाही. वॉरंटीत असता तर बदलून दिला असता."

"माझी बहीण परदेशात असते. तिचीही हीच गाडी आहे, हाच रंग. तिला सात वर्षं वॉरंटी आहे."

"देश वेगळा, ताई."

"गाडी तर एकाच कारखान्यातली आहे ना?"

"गाडी एकच आहे. देश वेगळा." आणि त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मी काय केलं असेल? मी म्हणाले, "बरं, ठीक आहे. उगीच तुम्हाला त्रास." आणि घरी येऊन ह्यांच्यावर तासभर ओरडले.

बहिणीला फोन केला. तिचा गिअरबॉक्स बिघडला तेव्हा म्हणे कंपनीचा माणूस घरी येऊन माफी मागून गेला. "ताई, तुमची गाडी इकडे पाठव," ती म्हणाली. तेही विचारून बघितलं. पण गाडी जिथे विकली तिथलीच वॉरंटी तिच्या कपाळी. जन्म कुठे घ्यावा हे गाडीच्या हातात नसतं.

मग एक दिवस सुपरवायझरचाच फोन आला. कंपनीच्या मुख्य कचेरीतून एक साहेब येणार होते. दर काही वर्षांनी ते देशोदेशी फिरतात, एकेका घरी राहतात आणि त्या देशाची वॉरंटी किती ठेवायची ते ठरवतात. या वेळी आमचं घर निवडलं होतं, कारण सबंध देशात सगळ्यांत बिघडलेली गाडी आमची होती.

साहेब आले. सडपातळ, राखाडी कोट, आवाज मऊ. त्यांचा उजवा हात सतत कोटाच्या खिशात. चहा पिताना त्यांनी तो बाहेर काढून टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं. बसमध्ये माणसं मोजायला असतं तसलं, बटण दाबलं की क्लिक होऊन आकडा एकानं वाढतो. बाजूला एक बारीक कळ, ती फिरवली की आकडा एकानं मागे. आकडा शून्यावर होता. सासऱ्यांनी लगेच त्यांचं नाव क्लिकसाहेब ठेवलं, अर्थात ते हात धुवायला गेल्यावर.

"हे तक्रारी मोजतं," साहेब म्हणाले. "बाई, लोक विचारतात, वॉरंटी देशोदेशी वेगळी का? कुणी म्हणतं कायदा वेगळा, कुणी म्हणतं रस्ते वेगळे, हवा वेगळी, समोरची कंपनी जास्त देते म्हणून आम्हीही देतो. थोडंथोडं खरं आहे सगळं. पण आम्ही मुळात गाडी किती टिकते हे बघतच नाही. माणूस किती टिकतो ते बघतो."

"म्हणजे?"

"एका देशात गाडी सुरू व्हायच्या आधी ग्राहकाचा वकील सुरू होतो. तिथे दहा वर्षं. एका देशात लोक बोलत नाहीत, पण दर महिन्याला लेखी कळवतात. तिथे पाच. तुमच्या देशातून आजवर एकही तक्रार आलेली नाही. एक वर्ष दिलंय तेही जनाची लाज म्हणून."

"आणि यंत्रावर जास्त आकडा आला तर?"

"शंभराच्या वर गेला की तुम्हीही वरच्या रांगेत. जुन्या गाड्यांनाही ते लागू होईल. फक्त तक्रार खरी हवी, आणि मनापासून हवी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीकडे बघत होते, दुसरं काय करणार? गिअरबॉक्स, मान आणि माझ्या समोरची खुर्ची, सगळं आता त्या एवढ्याशा बटणावर येऊन ठेपलं होतं.

मला वाटलं होतं, शंभर काय, आमचे सासरे एकटे दिवसाला दोनशे करतील. सासऱ्यांना सकाळी उठल्यापासून गुडघे, पेपर, सरकार, शेजाऱ्यांचं कुत्रं आणि चहाचं तापमान, काहीही पसंत नसतं. पण साहेबांनी "कसं काय, काही अडचण?" असं विचारलं, आणि सासरे चक्क उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. म्हणाले, "आपल्या कृपेनं सगळं छान आहे." आयुष्यभर कचेरीत नोकरी केलेला माणूस. साहेब म्हटलं की त्यांचे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात.

साहेब त्यांचं काम चोख करत होते. त्यांनी सासऱ्यांच्या खुर्चीचा एक पाय करवतीनं कापला. सासरे एका बाजूला कलून पेपर वाचायला लागले. साहेब सकाळी न्हाणीघरात शिरायचे ते सगळ्यांची कामं खोळंबेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. ह्यांच्या चपला घालून फिरायचे. एकदा ह्यांच्या चहात त्यांनी सर्वांदेखत चमचाभर मीठ घातलं आणि खिशात हात घालून वाट बघत बसले.

ह्यांनी घोट घेतला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो.

"वा," हे म्हणाले. "तोंडाला चव आली."

मी मात्र तोंड बंद ठेवलं नाही. भांडी घासता घासता मी साहेबांना सगळं ऐकवलं. हा माणूस कसा कुणाला काही बोलत नाही, लोक कसे याच्या डोक्यावर मिऱ्या वाटतात, मी एकटी किती म्हणून भांडू. जीव तोडून बोलत होते, पण खिशातून क्लिक काही ऐकू येईना. शेवटी मी विचारलं, "तुमचं यंत्र बिघडलंय का?"

"यंत्र ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण घरातल्या माणसाची घरातल्या माणसाबद्दलची तक्रार आम्ही धरत नाही. ती सगळ्या देशांत सारखीच भरते."

बहिणीनं फोनवरून शिकवणी घेतली. "ताई, इकडे लोक शोरूमचं दार उघडतानाच सांगतात, हँडल गार लागतंय म्हणून. तू त्याच्या डोळ्यांत बघ आणि म्हण, मला हे चालणार नाही." मी आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं. आरशात छान जमलं. बाहेर आले तर साहेब माझ्या स्वच्छ चादरीवर बुटांसकट झोपले होते. मी म्हणाले, "उशी देऊ का अजून एक?" स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावीशी वाटली.

साहेबांचा मुक्काम संपला तेव्हा आकडा शून्यच होता. आम्ही त्यांना स्टेशनवर सोडायला निघालो. साहेब मागच्या सीटवर सासऱ्यांशेजारी, म्हणजे सगळ्यांत पुढे. मी ह्यांच्या शेजारी, म्हणजे मागे. हे मान वळवून गाडी चालवत होते, म्हणजे वळवायची गरजच नव्हती, ती तशीच होती. चौकात पोलिसानं सलाम केला. साहेबांना वाटलं, आपल्यालाच केला. त्यांनीही केला.

स्टेशनच्या अलीकडे एक खड्डा आला. गाडी दणकन आदळली आणि ह्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. शब्द नव्हता. डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, आणि त्यांची मान माझ्याकडेच वळलेली असल्यामुळे ते मला दिसलं. मग माझं काय झालं कुणास ठाऊक, मी गर्रकन मागे वळले आणि साहेबांच्या डोळ्यांत बघितलं.

"तुमच्या गाडीनं माझ्या नवऱ्याची मान मोडली," मी म्हणाले. "इतके महिने झाले, हा माणूस माझ्या समोर बसून माझ्याकडे बघू शकलेला नाही. मला हे चालणार नाही."

क्लिक. सासऱ्यांनी हळूच वाकून बघितलं आणि बोटानं मला खूण केली, एक.

आणि आमचे हे, ज्यांच्यासाठी मी हे सगळं केलं ते आमचे हे, गाडी थांबवून म्हणाले, "साहेब, तिच्या बोलण्यावर जाऊ नका. तिला माझी काळजी वाटते म्हणून बोलते. तसं चालतंय आमचं."

साहेबांनी बाजूची कळ फिरवली. आमच्या देशाची एकुलती एक तक्रार अशी आमच्या ह्यांनी परत घेतली. मी स्टेशनवर गाडीतून उतरलेसुद्धा नाही.

घरी आल्यावर सासऱ्यांच्या हाताला सीटच्या फटीत ते यंत्र लागलं. साहेब विसरून गेले होते. मी ते फ्रीजवर ठेवलं आणि ह्यांच्याशी बोलणं टाकलं. ह्यांनी अर्थातच त्याबद्दल तक्रार केली नाही.

रविवारी दुपारी साहेबांचा फोन आला. उद्या त्यांची सभा होती आणि नियमाप्रमाणे आकडा यंत्रावरूनच वाचायला हवा होता. यंत्र ज्याच्या हातात, त्यानं वाचायचा. "शून्य आहे हे मला माहीत आहे," ते म्हणाले, "पण वाचावा लागतो."

"शून्यच असला तर काय होतं?"

"सहा महिने करू. ज्यांना वॉरंटी लागतच नाही त्यांना वर्षभर कशाला?"

"माझा चष्मा सापडत नाहीये," मी म्हणाले. "थोड्या वेळानं करा."

फोन ठेवला, यंत्र घेतलं आणि टेबलाशी येऊन अंगठा बटणावर ठेवला. शंभर वेळा दाबायला असा कितीसा वेळ लागतो? पण ह्यांनी माझा हात धरला.

"खोटं नको," म्हणाले.

"मग खरं सांगा," मी म्हणाले. इतक्या दिवसांनी बोलले ते हेच. "मी विचारतेय ना. सांगा. काही त्रास होतो का तुम्हाला?"

ह्यांनी माझा हात सोडला. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला.

"मान दुखते गं," हे म्हणाले.

मी बटण दाबलं.

"पहिल्या दिवसापासून दुखते. झोप लागत नाही." क्लिक. "चहात मीठ होतं." क्लिक. "माझ्या चपला त्यांनी घातल्या, त्या सैल झाल्या. सीटचा पट्टा काचतो. गाडीचा हॉर्न पहिल्यापासून पिपाणीगत वाजतो, मला लाज वाटते." क्लिक, क्लिक, क्लिक. आवाज चढला नव्हता. भाजी निवडावी तसे एकेक काढून ठेवत होते. मी म्हणाले, "शाब्बास," आणि मग ते माझ्याकडे वळले, म्हणजे मी डावीकडेच बसले होते, तिथे त्यांचे डोळे स्थिरावले.

"तू दार आपटतेस," म्हणाले. "मी तेवढ्या आवाजानं दचकतो. बहिणीशी फोनवर बोलताना माझी नक्कल करतेस, ती मला आतल्या खोलीत ऐकू येते. माझं जुनं स्वेटर तू न विचारता पायपुसणं केलंस. लग्नात बुटात खडा तुझ्या बहिणीनंच घातला होता, आणि तू हसलीस."

माझा अंगठा थांबला.

"घरातल्या माणसाची तक्रार धरत नाहीत," सासरे म्हणाले. "साहेब म्हणाले होते."

"बाबा, साहेब इथे नाहीत," मी म्हणाले आणि दाबलं. एकेकाला एकेकदा, प्रामाणिकपणे. मग मी त्यांना विचारलं, "इतकी वर्षं हे सगळं पोटात ठेवलंत. बोलला का नाहीत?"

"कधी बोलणार?" हे म्हणाले. "तू बोलत असायचीस."

हे मला लागलं, फार लागलं. उठून दार आपटावं असं वाटलं, पण दाराची तक्रार नुकतीच नोंदवून झाली होती. मी ते बटण दाबलं आणि गप्प बसले. आमच्या संसारात मी इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही. हे बोलत राहिले. शंभर कधीच मागे पडले, फोन दोनदा वाजून थांबला, ऊन टेबलावरून खाली उतरलं. अंगठा दुखायला लागला तेव्हा मी दुसऱ्या हातानं दाबायला सुरुवात केली. अखेरीस हे थकून म्हणाले, "बस. आज एवढंच." तेव्हा सासरे आपली तिरकी खुर्ची ओढत पुढे आले आणि म्हणाले, "मग आता माझ्या घे."

साहेबांचा पुन्हा फोन आला. मी वाचून दाखवलं, "चारशे बारा."

साहेबांनी विचारलं, "एका घरातल्या?"

"एका माणसाच्या. सासऱ्यांच्या वेगळ्या लिहून ठेवल्यात, हव्या असतील तर पाठवते."

"एका माणसाच्या चारशे बारा," साहेब स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "आणि बाकीचा देश?" त्यांचा आवाज घाबरल्यासारखा झाला होता. "बाकीचेही असेच गप्प आहेत का?"

"सगळेच," मी म्हणाले.

सभेत आम्हाला आठ वर्षं मिळाली. जुन्या गाड्यांसकट. बहिणीच्या नवऱ्यानं त्याच दिवशी कंपनीला तक्रार केली, की आमच्याकडे सातच का.

सुपरवायझरनं गिअरबॉक्स बदलला. जुना काढताना म्हणत होता, "हा बिघडत नाही खरं तर." गाडी सरळ जायला लागली तेव्हा चौकातला पोलीस गोंधळला, सलाम कुठल्या टोकाला करायचा ते त्याला कळेना. सासरे भांडून पुन्हा पुढच्या सीटवर आले. ह्यांची मान मात्र सावकाश आली. डॉक्टरांचे व्यायाम, शेक, आणि रोज थोडी थोडी उजवीकडे. मी रोज खुर्ची थोडी थोडी सरकवत होते, त्यांच्या नजरेसमोर राहील अशी.

मग एका सकाळी मी माझ्या जुन्या जागेवर बसले होते, अगदी समोर, आणि ह्यांनी मान वर करून सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"चहा पांचट झालाय," हे म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी डोळे पुसत उठले आणि दुसरा केला. दुसऱ्या दिवशी साखर कमी होती, तोही बदलून दिला. तिसऱ्या दिवशी चहा जास्त उकळलाय म्हणाले, तेव्हा मात्र मी कप त्यांच्यापुढे आदळला आणि म्हणाले, "पुरे आता. वॉरंटी संपली."

ह्यांनी कप माझ्याकडे सरकवला. नजर सरळ होती, जराही हलली नाही.

"आठ वर्षं आहे," म्हणाले.